सूर्यग्रहण की रात्रीचे आकाश: कॅमेऱ्याची तयारी कशासाठी करावी?

सूर्यग्रहण फक्त अमावास्येलाच होते, आणि आकाशगंगेचे छायाचित्रण करणारेही अमावास्येचीच वाट पाहत असतात. त्यामुळे ग्रहणासाठी दूरचा प्रवास करणाऱ्याला त्याच मुक्कामात चंद्रप्रकाश नसलेली रात्र आपोआप मिळते. १२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास ग्रहणाच्या बाबतीत तर योग आणखी चांगला आहे, कारण ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव त्याच रात्री ऐन भरात असतो. मात्र या दोन विषयांना लागणारे साहित्य आणि कौशल्य बरेचसे परस्परविरुद्ध असते. ज्याच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि बऱ्यापैकी भक्कम ट्रायपॉड आहे, परंतु दोन्हींसाठी सर्व काही विकत घेणे किंवा वाहून नेणे शक्य नाही, अशा व्यक्तीला निर्णय घेता यावा म्हणून ही तुलना केली आहे. माझे मत आधीच नोंदवतो: पैसा रात्रीच्या आकाशासाठी खर्च करावा आणि सराव ग्रहणाचा करावा.

लेन्सची निवड

आकाशात सूर्यबिंबाचा व्यास सुमारे अर्धा अंश भरतो. सेन्सरवर उमटणाऱ्या बिंबाचा आकार काढण्यासाठी फोकल लेंग्थला १०९ ने भागावे. २०० मिमीच्या लेन्सने बिंब जेमतेम १.८ मिमीचे उमटते, ५०० मिमीने ४.६ मिमीचे आणि १००० मिमीने ९.२ मिमीचे. हे आकडे पाहून सर्वांत लांब लेन्स घेण्याचा मोह होतो, पण खग्रास अवस्थेत सूर्याभोवतीचे प्रभामंडळ, म्हणजेच करोना, बिंबाच्या कित्येक पट दूरपर्यंत पसरलेले असते. फुलफ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी असल्यामुळे ५०० मिमीच्या लेन्समध्ये सुमारे पाच बिंबे एकावर एक मावतात आणि प्रभामंडळाला मोकळी जागा राहते; १००० मिमीमध्ये अडीचच मावतात आणि प्रभामंडळाचे लांब धागे चौकटीच्या कडेला कापले जातात. म्हणून फुलफ्रेमसाठी ४०० ते ६०० मिमी आणि त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरसाठी ३०० ते ४०० मिमी हा टप्पा पुरेसा आहे. ज्याला फक्त खंडग्रास किंवा कंकणाकृती ग्रहण टिपायचे आहे, त्याने मात्र याहून लांब लेन्स खुशाल वापरावी, कारण त्या ग्रहणांत प्रभामंडळ दिसतच नाही.

रात्रीच्या आकाशाची मागणी नेमकी उलटी असते. तेथे १४ ते ३५ मिमीची, एफ/१.४ ते एफ/२.८ एवढे ॲपर्चर उघडणारी लेन्स लागते, आणि ग्रहणाच्या लांब लेन्सला जे एफ/८ चालून जाते ते येथे निरुपयोगी ठरते. शिवाय लेन्स पूर्ण उघडल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसू लागतात. हा दोष महागड्या लेन्समध्येही आढळतो, तेव्हा खरेदीपूर्वी कोपऱ्यांतल्या ताऱ्यांचे नमुने अवश्य पाहावेत.

३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ लेन्स हा या दोहोंमधला एक पर्याय आहे, आणि त्याचा पुरेसा विचार होत नाही असे मला वाटते. ग्रहणाच्या वेळी सूर्य क्षितिजाजवळ असेल, तर याच लेन्समध्ये डोंगर, माणसे, अंधारलेले आकाश आणि त्यात लटकलेला काळा सूर्य असे संपूर्ण दृश्य सामावते, आणि रात्री हीच लेन्स आकाशगंगेसाठी वापरता येते. बिंबाचे निकटचित्र तिच्यातून मिळणार नाही, हे खरे. परंतु तशी उत्तम निकटचित्रे प्रत्येक ग्रहणात अनुभवी लोक ढिगाने काढतात. आपण उभ्या असलेल्या जागेचे चित्र मात्र आपल्याखेरीज कोणी काढणार नसते. लांब लेन्स हवीच असेल तर ती भाड्याने घ्यावी, आणि ग्रहणाच्या निदान आठवडाभर आधी हातात पडेल अशी व्यवस्था करावी.

फिल्टर

रात्रीच्या छायाचित्रणाला फिल्टर लागत नाही. ग्रहणात मात्र सूर्यफिल्टर हीच एक वस्तू अशी आहे, जिच्यात काटकसर करण्याची मुभा नाही. फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढच्या टोकाला असावा, कारण पाठीमागे बसवलेल्या फिल्टरपर्यंत पोहोचेतो लेन्सने उन्हाची उष्णता एकवटलेली असते आणि तो तडकू शकतो. ऑप्टिकल डेन्सिटी ५ चा फिल्टर प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडतो. ३.८ डेन्सिटीची फिल्मही मिळते, पण ती केवळ छायाचित्रणासाठी असते. तिच्यातून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नये. फिल्मचे फिल्टर हलके आणि स्वस्त असून त्यांच्यावरच्या किरकोळ सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही. काळ्या पॉलिमरच्या फिल्टरमधून सूर्य नारिंगी दिसतो. काचेचे फिल्टर टिकाऊ असले तरी जड असतात. निवडताना मी रंगापेक्षा एका वेगळ्या गोष्टीला महत्त्व देतो, ती म्हणजे फिल्टर लेन्सला धक्का न लावता एका हाताने, क्षणात निघतो की नाही. खग्रास अवस्था सुरू होण्याच्या काही सेकंद आधी फिल्टर काढायचा असतो आणि सूर्याची पहिली कड पुन्हा उजळताच परत लावायचा असतो. आट्यांवर फिरवून बसवलेला फिल्टर त्या घाईत अडकतो किंवा फोकसची रिंग हलवतो. उलट नुसता अडकवलेला फिल्टर वाऱ्याने उडू शकतो, तेव्हा घट्ट टोपीसारखा बसणारा किंवा चुंबकाने धरला जाणारा फिल्टर बरा. वापरण्यापूर्वी तो दिव्यासमोर धरून त्याला बारीक छिद्रे नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात फिल्टर एक क्षणही काढायचा नसतो.

एक्स्पोजर आणि हाताशी असलेला वेळ

दोन्ही विषयांतील खरा फरक येथे आहे. आकाशगंगेसाठी एक एक्स्पोजर ठरवले की ते रात्रभर फारसे बदलावे लागत नाही. २० मिमी लेन्स, एफ/१.८, आयएसओ ३२०० आणि १५ सेकंद ही सुरुवात बहुतेक अंधाऱ्या ठिकाणी चालते. चूक झाली तर पुढच्या मिनिटाला सुधारता येते, आणि ती रात्र वाया गेली तरी पुढची अमावास्या आहेच. एकाच चौकटीची १६ छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली, तर प्रतिमेतला दाणेदारपणा चौपट कमी होतो. म्हणजे साधनांची उणीव धीराने भरून काढता येते.

ग्रहणात अशी भरपाई होत नाही. खग्रास अवस्था सैद्धांतिकदृष्ट्या फार तर साडेसात मिनिटे टिकू शकते, आणि प्रत्यक्षात बहुतेक ग्रहणांत दोन-चार मिनिटांतच ती आटोपते. तेवढ्या वेळात प्रकाशाची पातळी प्रचंड बदलते. आयएसओ १०० आणि एफ/८ धरल्यास चंद्राच्या दऱ्यांमधून चमकणाऱ्या बेलीच्या मण्यांसाठी सुमारे १/३२०० सेकंद, कडेवरच्या गुलाबी ज्वालांसाठी १/८००, आतल्या प्रभामंडळासाठी १/२००, मधल्यासाठी १/१२ आणि बाहेरच्या फिकट प्रभामंडळासाठी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. हा फरक ११ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट), म्हणजे दोन हजार पटींचा आहे, त्यामुळे कोणतेही एकच छायाचित्र डोळ्यांना दिसलेले दृश्य पकडू शकत नाही. निरनिराळ्या एक्स्पोजरची मालिका घेणे आणि नंतर ती एकत्र करणे हाच मार्ग उरतो. याउलट फिल्टरमधून टिपायच्या खंडग्रास अवस्थेला, ५ डेन्सिटीचा फिल्टर असल्यास, १/४०० सेकंदाच्या आसपासचे एकच एक्स्पोजर जवळजवळ अखेरपर्यंत पुरते. फक्त कोर बारीक झाल्यावर ते एक-दोन स्टॉपने वाढवावे लागते.

म्हणूनच सराव ग्रहणाचा करावा, असे मी म्हणतो. चंद्रबिंब सूर्यबिंबाएवढेच दिसते, त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री लेन्स, चौकट आणि ट्रायपॉड यांची रंगीत तालीम विनाखर्च होते. चतुर्थी-पंचमीची कोर आणि तिच्या अंधाऱ्या भागावरचा मंद प्रकाश एकाच मालिकेत पकडून पाहिले, म्हणजे प्रभामंडळासाठी लागणारी एक्स्पोजरची मालिकाही हाताखालून जाते. तालीम घड्याळ लावून करावी, आणि ती फिल्टर काढण्या-लावण्यासकट करावी. कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण किती छायाचित्रांनंतर भरते आणि तो किती सेकंद अडून राहतो, हे ग्रहणाच्या मध्यावर कळून उपयोग नसतो.

ट्रॅकर घ्यावा का?

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. तारे बिंदूसारखे दिसावेत यासाठी जास्तीत जास्त किती सेकंद शटर उघडे ठेवावे, हे ५०० ला फोकल लेंग्थने भागून काढण्याची जुनी रीत आहे. आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरसाठी ५०० ऐवजी ३०० घेणे श्रेयस्कर ठरते. २० मिमीला १५ सेकंद मिळतात, ५० मिमीला सहाच. ट्रॅकर कॅमेऱ्याला आकाशाच्या वेगाने फिरवतो आणि ही मर्यादा काही मिनिटांपर्यंत नेतो. रुंद लेन्सने काम भागवणाऱ्याला त्याची निकड नाही, पण देवयानी दीर्घिका किंवा मृगातला तेजोमेघ लांब लेन्सने टिपायचा असेल, तर त्यावाचून गत्यंतर नाही.

ग्रहणात ट्रॅकर ही सोय आहे, गरज नव्हे. सूर्य आपल्या व्यासाइतके अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे ५०० मिमीची चौकट दर तीन-चार मिनिटांनी सावरली की पुरते, आणि प्रभामंडळासाठी लागणारी अर्ध्या सेकंदाची एक्स्पोजरही ट्रॅकरशिवाय बऱ्यापैकी निभावतात. त्यातून अडचण अशी की ट्रॅकरचा अक्ष ज्या ध्रुवताऱ्यावर जुळवायचा, तो दिवसा दिसत नाही. आदल्या रात्री त्याच जागी आकाशगंगा टिपताना अक्ष जुळवून ट्रायपॉडच्या पायांच्या जागा जमिनीवर खुणावून ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी काम बरेच हलके होते. दक्षिण गोलार्धात मात्र ध्रुवाजवळ ठळक तारा नसल्यामुळे रात्रीही ही जुळणी किचकट होते.

फोकस

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबणे दोन्हीकडे घातक आहे. रात्री एखादा तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवावी. ग्रहणात फिल्टर लावून बिंबाची कड किंवा सौरडाग यांवर हेच करावे आणि मग रिंग चिकटपट्टीने पक्की करावी. तरीही ग्रहण चढत जाते तसे तापमान उतरते आणि फोकस सरकू शकतो, म्हणून खग्रास अवस्थेच्या पाच-दहा मिनिटे आधी तो पुन्हा तपासावा. ही खबरदारी किती मोलाची आहे, ते २९ मे १९१९ च्या ग्रहणात दिसले. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्यांचा प्रकाश वळतो का, याची परीक्षा घेण्यासाठी ब्राझीलमधील सोब्राल येथे गेलेल्या ब्रिटिश पथकाच्या मुख्य दुर्बिणीचा फोकस ग्रहणाच्या वेळी बिघडला आणि ताऱ्यांच्या प्रतिमा पसरट आल्या. सोबत नेलेल्या चार इंची भिंगाच्या छायाचित्रांनी मोहीम तारली. त्या पथकाने तुलनेसाठी तेच तारे जुलैमध्ये अंधाऱ्या आकाशात पुन्हा टिपले होते, म्हणजे ग्रहण आणि रात्रीचे आकाश या दोन्हींचे छायाचित्रण त्यांनाही करावे लागले.

मोबाइल आणि स्मार्ट दुर्बीण

मोबाइलने ग्रहणाचे निकटचित्र घेण्याचा खटाटोप करू नये. खग्रास अवस्थेत भोवतालचा व्हिडिओ घेण्यासाठी तो ट्रायपॉडवर लावून सोडून द्यावा. सीस्टार एस५० सारखी स्मार्ट दुर्बीण, म्हणजे आकाशातले लक्ष्य स्वतःच शोधून टिपणारी दुर्बीण, तेजोमेघांसाठी नवख्याला फार लवकर फळ देते आणि तिच्यासोबत सूर्यफिल्टरही मिळतो. पण तिच्या चौकटीची अरुंद बाजू पाऊण अंशाहून कमी आहे. त्यात सूर्यबिंब मावते, प्रभामंडळ मावत नाही.

ठिकाणाचा विचार

दोन्ही साधायचे असेल, तर ग्रहणपट्ट्यातील जागा निवडतानाच रात्रीचाही हिशेब करावा. २०२६ च्या ग्रहणात खग्रास अवस्थेचा सर्वाधिक काळ, २ मिनिटे १८ सेकंद, आइसलँडच्या नजीक मिळतो. परंतु ऑगस्टच्या मध्यास तेथे मध्यरात्रीही संधिप्रकाश सरत नाही आणि आकाशगंगेचा मध्यभाग क्षितिजावर येतच नाही. उत्तर स्पेनमध्ये पावणेदोन मिनिटांच्या आसपासच मिळतात, पण रात्र पूर्ण काळोखी होते. शिवाय सूर्य मावळतीकडे, क्षितिजापासून सुमारे १० अंशांवर असल्यामुळे ५० मिमीच्या लेन्सचा पर्याय तेथे खुलून दिसेल. सूर्य इतका खाली असताना हवेच्या थरांमुळे प्रकाश घटतो, तेव्हा वरील एक्स्पोजर थोडे वाढवावे लागेल, आणि पश्चिमेला टेकडी किंवा इमारत आड येत नाही हे त्याच वेळी, आदल्या दिवशी, प्रत्यक्ष उभे राहून पाहावे लागेल. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणात इजिप्तमधील लक्झरजवळ ६ मिनिटे २३ सेकंद मिळतील आणि रात्री आकाशगंगेचा मध्यभाग ३५ अंशांपर्यंत चढेल, त्यामुळे रात्रीसाठी ती जागा अधिक सरस आहे. मात्र सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर असेल. १४ मिमीसारख्या अतिरुंद लेन्सशिवाय जमीन आणि सूर्य एका चौकटीत येणार नाहीत, आणि लांब लेन्स वापरणाऱ्याला आपल्या ट्रायपॉडचे डोके तितके वर वळते का, हे घरूनच तपासून निघावे लागेल.