लाखाचा लाकडी की साधा प्लास्टिकचा? नागपूरच्या हवेत टिकणारा हेडफोन

महागडा हेडफोन घ्यायचं ठरलं की आवाजाबद्दल सांगणारे ढीगभर भेटतात. पाच-सात वर्षांनी त्याची काय गत झालेली असेल हे सांगणारे थोडे, आणि त्यातले बहुतेक पुण्याच्या किंवा परदेशातल्या हवेत राहणारे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुलैत भिंतीला ओल येते. दोन्हीतून जो तगला तो टिकाऊ, अशी माझी साधी कसोटी आहे.

तुमच्यासमोर बहुधा हेच दोन प्रकार असतील. एक, लाखाच्या घरातला बंद पाठीचा प्लेनर मॅग्नेटिक (पातळ सपाट पडदा चुंबकांनी हलवून आवाज काढणारा): लाकडी कप, धातूची कमान, जाडजूड गुबगुबीत पॅड. दुसरा, सेनहायझरचा एचडी ६०० किंवा त्याचा धाकटा भाऊ एचडी ६५०: बहुतेक सगळं प्लास्टिक, मखमली पॅड, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही जातीचे माझ्याकडे आहेत. पहिल्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. जे सांगणार आहे ते त्या घडणीबद्दल आहे, आणि तशी घडण बऱ्याच कंपन्या करतात.

दुकानात हातात घेतलात तर पहिलाच जिंकतो, यात वाद नाही. धातू गार लागतो, लाकडाचे रेषे दिसतात, बिजागरी अलगद फिरते, पैसे कुठे गेले ते कळतं. एचडी ६०० उचलला की एवढ्या पैशांत हेच का, असा चेहरा होतो. पितळेच्या भांड्यांपासून आपल्याला वजन म्हणजे मजबुती हा हिशेब शिकवलेला, तो इथेही डोकं वर काढतो.

पण हेडफोनचं वजन मुळात मजबुतीसाठी नसतंच. प्लेनरमध्ये पातळ पडद्यासमोर चुंबकांच्या रांगा असतात, वजन त्यांचं. ऑडेझी कंपनीचा एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा आहे. मेझे कंपनीचा एम्पिरियन ४३० ग्रॅमचा. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅम भरतो. (माझा जड हेडफोन या पहिल्या दोन्हींतला नव्हे.) आता हे वजन रोज कशावर येतं? डोक्यावरच्या पट्टीवर, दोन बिजागऱ्यांवर आणि त्यातल्या चार बारक्या स्क्रूंवर. टेबलावरून फरशीवर पडला तर अर्ध्या किलोचा हेडफोन स्वतःच्याच वजनाने स्वतःला इजा करून घेतो. माझा एचडी ६०० शहाबादी फरशीवर किती वेळा पडला असेल ते आठवत नाही. रंगाचे टवके उडालेत, बाकी काही नाही. जड असलेला मात्र मी दोन हातांनी उचलतो आणि दोन हातांनी ठेवतो. घरात लहान मूल असेल तर मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल.

एचडी ६०० हे १९९७ सालचं डिझाइन, ६५० आला २००३ मध्ये. इतकी वर्षं तीच वस्तू विकली जातेय याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि तुम्ही तो घरी बसून बदलू शकता. पॅड ओढला की निघतो. आतली फोमची चकती निघते, ती धुता येते. बाहेरची जाळी निघते, आवाज काढणारा भाग, म्हणजे ड्रायव्हरसुद्धा खटक्यातून सुटतो, केबल तर सुटतेच. स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. यातले दोष लपवत नाही. नवा असताना तो डोकं आवळून धरतो, चष्मा असेल तर पहिले काही महिने दांडी टोचेल. डोक्यावरच्या कमानीचं प्लास्टिक कालांतराने तडकल्याचे किस्से आहेत. केबलच्या दोन पिना सैल होऊ शकतात. सेनहायझरचा हा ग्राहक विभाग २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला, त्यामुळे सुटे भाग अजून किती वर्षं मिळतील याची थोडी धाकधूक ठेवावी. आजवर तरी माझं पॅडवाचून अडलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यामुळे माझं मत ठरलं. गोंद.

जड हेडफोनचे पॅड कपावर चिकटवलेले होते. पॅडच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी गोल पट्टी, त्यावर पॅड. कागदावर यात काही वावगं नाही. चिकटपट्टी हवा गळू देत नाही, त्यामुळे बास छान बसतो. पहिला हिवाळा मजेत गेला. मग एप्रिल आला. दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली, कूलर बंद पडला, पश्चिमेच्या खोलीत हेडफोन स्टँडवर उभा होता. संध्याकाळी कानाला लावला तर उजवा पॅड बोटभर खाली सरकलेला. उष्णतेने चिकटपट्टी मऊ पडते आणि जाड पॅड आपल्याच वजनाने हळूहळू घसरतो. मी तो वर ढकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. घसरला की कपाच्या कडेवर गोंदाचा चिकट पट्टा उघडा पडतो, त्यावर धूळ बसते, केस चिकटतात. एका कानाला बास कमी, दुसऱ्याला जास्त. कुमारांचं एखादं निर्गुणी भजन ऐकायला बसावं आणि तंबोरा एकाच कानात घुमावा, असा प्रकार.

मे महिन्यात तर ऐकायला बसण्याआधी पॅड सरळ करणं हा नेमच झाला. दहा सेकंदांचं काम आहे, मान्य. पण लाख रुपयांच्या वस्तूला रोज दहा सेकंद पदर सावरून द्यावा लागला की तुमचा जीव तिच्यावरून उडतो, आणि हे दहा सेकंद कुठल्याही आलेखात दिसत नाहीत.

पॅड बदलायचे म्हटले तर वेगळीच साधना. जुना पॅड हळूहळू सोलायचा, कारण घाई केली तर लाकडाचं पॉलिश उचकटतं. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, तोही ड्रायव्हरच्या दिशेने एक थेंब न जाऊ देता. मग नवा पॅड एकदाच, नेमका मध्यावर बसवायचा. वाकडा बसला तर उचलून पुन्हा लावता येत नाही, चिकटपट्टी गेलीच म्हणून समजा. शिवाय पॅड परदेशातून येणार, त्यावर कस्टम्स वेगळं. सीताबर्डीवर माझा एक ओळखीचा दुरुस्तीवाला आहे, अॅम्प्लिफायरपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडतो. त्याने हेडफोन उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, “भाऊ, याले खोलाव कुठून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी इतवारीतल्या एका चपलावाल्याने सुचवलेलं सोल्युशन मी वापरलं नाही, पण मोह झाला होता.

याच्या उलट एचडी ६०० चे मखमली पॅड. घामेजले की ओढून काढायचे, कोमट पाण्यात साबण घालून हलक्या हाताने धुवायचे, सावलीत वाळवायचे. उन्हाळ्यात नागपूरची कोरडी हवा निदान या कामाला तरी उपयोगी पडते. परत दाबले की खट्कन बसतात. दाबून दाबून ते चपटे होतात आणि तेव्हा आवाजही बदलतो, हे खरं. मग नवी जोडी आणायची, दोन मिनिटांत काम संपतं.

पॅडच्या कापडाबद्दल अजून एक. चामड्यासारखे दिसणारे बरेच पॅड म्हणजे शेवटी रेक्झिनच, वर पॉलियुरेथेनचा थर. ओल, उष्णता आणि घाम मिळाला की हा थर रासायनिकदृष्ट्या तुटायला लागतो. काळे पापुद्रे कानाला, गालाला, उशीला. जपून ठेवू म्हणून बंद डब्यात ठेवलात तरी हे थांबत नाही, कारण ओल आत असतेच. आपला जुलै-ऑगस्ट या कामाला पुरेसा आहे. खरं चामडं जास्त टिकतं, पण त्याला बुरशीपासून जपावं लागतं. मखमलीला हे दोन्ही प्रश्न नाहीत, तिला फक्त धूळ आवडते. हेडबँडवर रबरासारखा मऊ लेप असलेला कुठलाही हेडफोन, स्वस्त असो की महाग, मी आता सरळ परत ठेवतो. काही वर्षांनी तो लेप चिकट होतो आणि निघता निघत नाही.

लाकडाचं म्हणाल तर मला वाटलं होतं तेवढं वाईट नाही. नीट सुकवलेलं आणि पॉलिश केलेलं लाकूड आपल्याकडचे ऋतू सोसतं, घरातल्या सागवानी दारांना विचारा. उन्हात खिडकीशी ठेवू नये, एवढंच.

केबलबाबत दोन मतं असू शकतात. जडाची केबल लॉक होणारी, अस्सल स्टुडिओ थाटाची. एचडी ६०० ची दोन पिनांवर नुसती खोवलेली. पण अंधारात पाय अडकला तेव्हा खोवलेली केबल निमूट निघून आली. लॉकवाली असती तर हेडफोन तिच्यामागोमाग फरशीवर आला असता.

जड हेडफोनची बाजू न मांडणं अन्याय होईल. आवाज त्याचा सरस आहे. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप, वसंतरावांची तान सुटताना आवाजाला येणारा तो भरीवपणा, यात एचडी ६०० मागे पडतो. शिवाय एचडी ६०० ची पाठ उघडी. कूलर चालू असला की पंख्याची घरघर, पंपाचं पाणी, वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारे थेंब, सगळं गाण्यात मिसळतं. बंद पाठीचा हेडफोन तो आवाज बाहेर ठेवतो, पण कान उकडून काढतो, आणि घामाने पॅडचा गोंद अजून लवकर सुटतो. म्हणजे ज्या महिन्यात त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात तो सर्वांत जास्त छळतो. मी मेमध्ये एचडी ६०० रात्री गच्चीवर नेतो. हाही उपाय सगळ्यांना जमेल असं नाही.

आकड्यांची अपेक्षा असेल तर क्षमा असावी, माझ्याकडे मोजमाप नाही. (२०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि मग हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं. तेव्हापासून मी आकड्यांपुढे जरा कमीच वाकतो.) वर्ष संपता संपता कुठला हेडफोन हाताशी येतो आणि कुठला स्टँडवर शोभा देतो, एवढंच पाहतो. शोभा कोण देतो ते वेगळं सांगायला नको.

कूलरच्या खोलीतच ऐकायचं असेल तर बायरडायनॅमिकचा डीटी ७७० पाहावा. पाठ बंद, पॅड बहुतेक आवृत्त्यांत मखमली आणि ओढून निघणारे, डोक्यावर स्प्रिंग स्टीलची पट्टी. त्याच्या प्रो आवृत्तीची केबल मात्र कायमची जोडलेली आहे. वरच्या श्रेणीत डीटी १७७० प्रो आहे, त्याची केबल निघते. वायरलेसवर मी शब्द खर्च करत नाही. बहुतेकांच्या आत पक्की बसवलेली बॅटरी असते, तिचं आयुष्य तेच हेडफोनचं आयुष्य.

आणि जड, लाकडी, लाखाचाच घ्यायचा असेल, मन बसलंच असेल, तर आवाज ऐकण्याआधी पॅड कसा निघतो ते विचारा. मेझेच्या एम्पिरियनचे पॅड चुंबकाने बसतात, तसं काही असेल तर माझी अर्धी तक्रार जागीच मिटते. चिकटवलेले असतील तर विक्रेत्याला तुमच्यासमोर एक काढून परत लावून दाखवायला सांगा. तो कां-कूं करायला लागला तर पॅडची एक जास्तीची जोडी त्याच बिलात घालून घ्या, आणि हेडफोन पश्चिमेच्या खोलीत ठेवू नका.