तेक्का सेंटर, सिंगापूर: सासूबाईंच्या नागपंचमीला पास झालेलं हॉकर सेंटर

2024 च्या ऑगस्टमध्ये सासूबाईंना घेऊन पाच दिवस सिंगापूरला गेले होते. नवरा कॉन्फरन्सला, म्हणजे दिवसभर आम्ही दोघीच. सासूबाई निवृत्त शिक्षिका, शाकाहारी, त्यात चातुर्मास म्हणून कांदा-लसूणही बंद. मी सगळं खाते. "तिकडे काही मिळालं नाही तर" म्हणून बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाची पुडी. अशी एक खाणारी आणि एक न खाणारी जोडी तिकडे जाणार असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

तेक्का सेंटर लिटल इंडिया एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशनला अगदी लागून आहे. एक्झिट सी घ्यायचा. खाली एका बाजूला मासळी, मटण, भाजी यांचा ओला बाजार, दुसऱ्या बाजूला खाण्याचे स्टॉल, वरच्या मजल्यावर कपड्यांची दुकानं आणि शिंपी. इमारत 1982 सालची. सिंगापूर सरकारने त्या सुमाराला रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागांत बसवलं, त्या जागा म्हणजे ही हॉकर सेंटर्स. 2020 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत हॉकर संस्कृतीचं नाव गेलं. एसी नाही, मोठे पंखे आहेत, घाम येतो. सुती कपडे घाला. आणि सोबत शाकाहारी माणूस असेल तर त्यांना बाजाराच्या बाजूने आत नेऊ नका. मी नेलं. जमीन ओली, समोर मासळी, पुढे टांगलेलं मटण. आई (म्हणजे सासूबाई) नाकाला पदर लावून, एक अक्षर न बोलता चालत राहिल्या, ते बोलण्यापेक्षा वाईट.

पहिल्या दिवशी बसायलाच गोंधळ. गर्दीत एक रिकामं टेबल दिसलं, वर टिश्यूचं छोटं पाकीट. आईंनी ते उचललं आणि "कुणाचं तरी राहिलंय" म्हणत शेजारच्या टेबलांवर विचारत सुटल्या. एक चिनी बाई हातात नूडल्सचा वाडगा घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि हसायला लागल्या. टेबल त्यांचं होतं. तिथे टिश्यू ठेवून जागा धरतात, त्याला 'चोप' करणं म्हणतात. स्टॉलवर सहसा टिश्यू देत नाहीत, म्हणून ते ज्याच्या-त्याच्या खिशात असतंच. बाईंनी सरकून आम्हाला त्याच टेबलावर घेतलं. आईंच्या मनाला मात्र ते लागलं. दोन वेळा म्हणाल्या, "अगं, मी चोरत नव्हते गं."

आता नागपंचमी. त्या वर्षी ती 9 ऑगस्टला आली, म्हणजे नेमकी सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनी. तेक्काच्या शेजारच्या सरकारी इमारतींच्या गॅलऱ्यांवर लाल-पांढरे झेंडे, आणि इकडे आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. डोसा बाद, पराठा बाद. मी मनात दशम्यांचा हिशोब करत होते (त्याही तव्यावरच्याच, पण त्या आदल्या आठवड्यातल्या, असं मी ठरवून टाकलं होतं). तेवढ्यात एका तमिळ स्टॉलवर पुटु मायम दिसलं. तांदळाच्या पिठाच्या बारीक शेवया, जाळीवर चकतीसारख्या पाडून वाफवलेल्या. त्यावर ओलं खोबरं आणि नारिंगी-तपकिरी साखर. आईंनी स्टॉलवाल्याला हाताने विचारलं: तवा? तळण? त्याने झाकण उघडून वाफ दाखवली आणि म्हणाला, "स्टीम, अम्मा, ओन्ली स्टीम."

आईंनी पहिला घास हातानेच घेतला. शेवई गरम, जरा चिकट, खोबरं गार, साखर दाताखाली करकरीत. मोदक उकडताना पातेल्याचं झाकण काढलं की तांदळाचा जो वास येतो, तोच. दुसरी चकती संपवून म्हणाल्या, "सारण बाहेर राहिलेला मोदक आहे हा." मग तिसरी मागवली. त्या बाईंनी घराबाहेर तिसऱ्यांदा काही मागितलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मी प्राटा घेतला. पापुद्रे सुटलेला, तव्यावर आपटून चुरलेला, कडा कुरकुरीत, आत मऊ. इथे एक इशारा. सोबतच्या वाटीत डाळीसारखी पिवळी भाजी येते, तिचं नाव दालचा, आणि ती पुष्कळदा मटणाची हाडं घालून शिजवलेली असते. मी "नुसती डाळ द्या" म्हटलं, स्टॉलवाल्याने मान हलवली, आणि चमचा घातला तर खालून हाड वर आलं. आई तेव्हा "वरण बरं दिसतंय" म्हणत होत्या. मी वाटी माझ्याकडे ओढली आणि संपवली (चव उत्तम होती, हे तिथे बोलता येईना). शाकाहारींनी डाळीला डाळ समजू नये, मटण आहे का ते स्पष्ट विचारावं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे ज्या स्टॉलवर मांस नाहीच, तिथेच खायचं. असे स्टॉल आहेत.

चहा मागवणं ही वेगळी परीक्षा. नुसतं 'ते' म्हटलंत तर कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा येतो. 'ते-ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'ते-सी' म्हणजे आटवलेल्या बिनसाखरेच्या दुधाचा, 'पेंग' म्हणजे बर्फ घातलेला. वरून साखर नको असेल तर शेवटी 'कोसोंग' जोडायचं. 'कोसोंग' हा मलय शब्द, रिकामं या अर्थाचा. 'ओ' आणि 'पेंग' चिनी लोकांच्या होक्किएन बोलीतले. आईंना मधुमेह, त्यामुळे त्यांनी 'ते-सी कोसोंग' पाढ्यासारखं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी चिनी चहावाल्याला त्यांनी ते खणखणीत ऐकवलं आणि त्याने कसलंही आश्चर्य न दाखवता चहा दिला. त्या जरा खट्टू झाल्या, कौतुकाची अपेक्षा होती.

खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. 2021 पासून हे सक्तीचं आहे, आधी ताकीद आणि पुन्हा सापडलात तर 300 डॉलर दंड. त्यातही रॅक दोन: हलाल आणि बाकीचे. आईंनी डोसेवाल्याचा ट्रे जिथे जागा होती तिथे सरकवला. सफाई करणारे एक चिनी आजोबा आले, शांतपणे ट्रे काढून दुसऱ्या रॅकमध्ये ठेवला, पाटीवर बोट ठेवलं आणि "ऑंटी, धिस वन" म्हणाले. ऑंटी त्यांच्याच वयाच्या. आईंना ही पद्धत फार पटली. प्रत्येकाची भांडी वेगळी, पण टेबल एकच. आमच्या टेबलावर त्या दिवशी एक मलय कुटुंब बिर्याणी खात होतं, पलीकडे कुणीतरी बदक-भात, आणि मध्ये आईंचं पुटु मायम. कुणी कुणाच्या ताटात बघत नव्हतं. आई मात्र बघत होत्या, सगळ्यांच्या.

सरकारी घरांतही 1989 पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. लगेच म्हणाल्या, "म्हणजे वर्गात आम्ही बाकावर बसवायचो तसं. नाहीतर एका गल्लीतली पोरं एकाच कोपऱ्यात." त्या पोरांना ते आवडायचं का, असं विचारल्यावर चहा पिऊ लागल्या.

चायनाटाउनमध्ये साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद, मरिअम्मन मंदिर आणि बुद्ध दंतधातू मंदिर पायी काही मिनिटांत होतं, जरूर करा. तिकडच्याच एका हॉकर सेंटरमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल मिळाला. कांदा-लसूण तेही खात नाहीत, म्हणजे चातुर्मासाचा प्रश्नच मिटला. पण ते गव्हाच्या आणि सोयाच्या पिठाचं हुबेहूब मांस करतात, लाल कडांसकट. आईंनी तो तुकडा चमच्याने ताटाच्या कडेला लोटला, नूडल्स संपवल्या आणि म्हणाल्या, "सोडलंय ना, मग चेहरा कशाला ठेवायचा?"

खर्च: दोघींचं पोटभर खाणं आणि चहा मिळून 12 ते 15 सिंगापूर डॉलर. रोख ठेवा, सगळीकडे परदेशी कार्ड चालत नाही. हात धुवायला बेसिन आहेत. दुपारी 12 ते 2 टाळा.

शेवटच्या सकाळी पुन्हा तेक्काला गेलो. गर्दी होती. आईंनी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली, एका रिकाम्या टेबलाच्या मधोमध ठेवली आणि माझ्यासोबत रांगेत येऊन उभ्या राहिल्या. दर अर्ध्या मिनिटाला वळून बघत होत्या. दोन कॉलेजची मुलं टेबलापाशी आली, पुडीकडे वाकून बघितलं, आणि दुसरं टेबल शोधायला गेली.