ठरलेला आठवडा घ्यावा की पॉइंट्स?

टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा दरवर्षी काही दिवस वापरण्याचा हक्क, घ्यायचे ठरलेले आहे आणि प्रश्न एवढाच उरला आहे की दरवर्षीचा ठरलेला आठवडा घ्यावा की पॉइंट्स, म्हणजे दरवर्षी मिळणारे आणि हव्या त्या खोलीवर व तारखांवर खर्च करता येणारे गुण, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. मी नऊ वर्षे पॉइंट्सचा मालक होतो आणि गेली चार वर्षे माझ्याकडे एका रिसॉर्टमधला ठरलेला आठवडा आहे; त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ असेल, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

कागदावर पाहिले तर पॉइंट्सच सरस ठरतात. तीन रात्री आता आणि चार नंतर घेता येतात, यंदाचे पॉइंट्स पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतात, कुटुंब वाढले तर मोठा फ्लॅट घेता येतो. ठरलेल्या आठवड्यात यातले काहीही जमत नाही, शिवाय आठवडे क्रमांकाने मोजले जात असल्याने काही वर्षांनी त्रेपन्नावा आठवडा उपटतो आणि पुढच्या तारखा सरकतात. आरसीआयसारखी आठवड्यांची अदलाबदल करून देणारी संस्था १९७४ मध्येच निघाली, ती या ताठरपणामुळेच.

तरीही मी उलट दिशेने गेलो, आणि त्याचे कारण म्हणजे पॉइंट्सचा भाड्याचा धंदा: काही मालक पॉइंट्सवर खोल्या बुक करतात आणि त्या नफ्यासाठी इतरांना भाड्याने देतात.

आमच्या क्लबमध्ये बुकिंग उघडण्याच्या दिवशी मी वेळेआधी लॉग-इन करून बसत असे. कमी पॉइंट्सचा लहान स्टुडिओ आणि मुलांच्या सुट्टीचा आठवडा, एवढीच माझी मागणी होती. सलग तीन वर्षे तो स्टुडिओ पहिल्याच मिनिटाला संपलेला दिसला आणि तिसऱ्या वर्षी त्याच संध्याकाळी त्याच प्रकारची खोली, त्याच तारखांसह, ‘पक्के बुकिंग’ म्हणून भाड्याच्या जाहिरातीत आढळली. सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढची होती. आठवडा तोंडावर आला तेव्हा गिऱ्हाईक न मिळालेली बुकिंगे रद्द झाली असावीत, कारण तेच स्टुडिओ पुन्हा मोकळे दिसू लागले. पण तोपर्यंत आमच्या रजा आणि तिकिटे दुसरीकडे गुंतली होती.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की प्रत्येक पॉइंट एकदाच खर्च होतो, मग खोलीत मालक राहिला काय आणि भाडेकरू राहिला काय, इतरांचे त्यात जाते काय? मलाही तो बरीच वर्षे पटत होता. हिशेब बरोबर आहे, परंतु स्वतःसाठी बुकिंग करणारे मालक आपापल्या सोयीने वर्षभर विखुरलेले असतात, तर धंदा करणारा नेमक्या त्याच रात्री उचलतो जिथे पॉइंट्स कमी लागतात आणि भाडे जास्त मिळते. वर्षाच्या एकूण खोल्या तेवढ्याच राहतात. सामान्य मालकाच्या वाट्याला मात्र महागड्या खोल्या आणि पडत्या हंगामातल्या तारखा येतात, आणि देखभाल शुल्क काही त्या प्रमाणात घटत नाही.

पॉइंट्सच्या नियमांतच याला वाव आहे. उदाहरणार्थ, डिस्ने व्हेकेशन क्लबमध्ये मूळ रिसॉर्टसाठी (ज्या रिसॉर्टमध्ये पॉइंट्स विकत घेतले त्यासाठी) ११ महिने आणि इतर रिसॉर्टसाठी ७ महिने आधी बुकिंग करता येते, आणि आगमनाच्या तारखेचे बुकिंग उघडले की तिथून पुढच्या सलग सात रात्रींपर्यंत एकदमच घेता येतात. म्हणून जाणकार मंडळी आधीच्या, फारशा मागणी नसलेल्या तारखा धरतात आणि ते बुकिंग रोज एकेक दिवस पुढे सरकवत हव्या त्या आठवड्यावर आणून ठेवतात. याला ते ‘वॉकिंग’ म्हणतात. त्यामुळे हव्या त्या तारखेचे बुकिंग उघडण्याची वाट पाहणाऱ्याला नियमाप्रमाणे त्या सकाळी येऊनही काही मिळत नाही. त्या क्लबच्या नियमांत व्यावसायिक वापराला मनाई आहे, अधूनमधून भाड्याने देण्यास नाही. या दोहोंमधली रेघ कुठे ओढायची, हाच खरा पेच आहे. मीही एका वर्षी वडिलांच्या आजारपणात पॉइंट्स भाड्याने देऊन शुल्क भागवले होते, त्यामुळे सरसकट बंदीच्या बाजूने मला बोलता येणार नाही.

ठरलेल्या आठवड्याला ही झळ पोहोचत नाही. शेजारच्या फ्लॅटचे सगळे आठवडे कोणी भाड्याने लावले तरी माझ्या आठवड्याची खोली करारानुसार माझीच राहते. मात्र तो आठवडा बदलून दुसरीकडे जायचे म्हटले की पुन्हा उपलब्धतेच्या शर्यतीत उतरावे लागते, हे मान्य केले पाहिजे.

ज्यांना आडवेळी जाता येते किंवा दोन बेडरूमचा फ्लॅट लागतो, त्यांना पॉइंट्स कदाचित अधिक मानवतील, कारण धंदेवाल्यांचा डोळा तिथे कमी असतो. ज्यांचा आठवडा शाळेच्या वेळापत्रकाने ठरतो, त्यांनी पॉइंट्स घेण्यापूर्वी आपल्याला हव्या त्या आठवड्याच्या भाड्याच्या जाहिराती एकदा चाळून पाहाव्यात. तिथे पक्की बुकिंगे ढिगाने दिसली, तर निदान मी तरी ठरलेल्या आठवड्याचाच करार आधी वाचायला घेईन.