शिंगाचं धनुष्य की पोलादी? पुण्याच्या पावसातून पाहिलं तर

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात जुलै लागला की दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं. दोन वर्षांपूर्वी हौसेने म्हशीच्या शिंगाची पट्टी बांबूवर सरसाने चिकटवली होती. आषाढात नख घातलं तर निघून हातात!

मुघलकाळातलं मिश्र धनुष्य असंच जोडलेलं असे. मधे पातळ लाकूड, तिरंदाजाच्या बाजूला शिंग, पलीकडे जनावराच्या कंडरांचे (स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) तंतू. ओढताना शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. लाकूड नुसतं दोघांना धरून ठेवतं. म्हणून हत्यार आखूड, घोड्यावरून मारायला सोयीचं. दोरी उतरवली की ते उलटं वळून खेकड्यासारखं गोळा होतं. बनवायला मात्र महिनोन्महिने, कारण सरस सावकाश वाळतो. आणि दमट हवेत तोच दगा देतो.

पोलादी धनुष्य हा त्यावरचा हिंदुस्थानी तोडगा. ना सरस, ना वाळवी. तेलाचा हात फिरवला की शस्त्रागारात वर्षानुवर्षं तयार. काही तर मधोमध स्क्रूने सुटी होत.

पण मारा? तिथे शिंगच सरस (हा सरस वेगळा!). पोलाद शिंगाच्या पाच-सहापट घन. सुटताना ते जड पातं स्वतःलाच हलवण्यात बरीच ताकद खातं, बाणाला वेग कमी मिळतो. शिवाय आत बारीक चीर असेल तर न सांगता तुटतं.

किल्ल्याच्या कोठारासाठी मी पोलादी घेईन. नेम धरायचा असेल तर शिंगाचं, पण दिवाळीनंतर.