मोबाइलची मॅक्रो लेन्स आणि अनंतावरचा पतंग : पावसाळाभर वापरल्यानंतर

बागेतले पतंग टिपायला म्हणून मे महिन्याच्या शेवटी मोबाइलला चिमट्याने लावायची १० एक्स मॅक्रो लेन्स घेतली. हजार रुपयांच्या आत मिळाली. याच घडणीची लेन्स बाजारात पाच-सहा नावांनी विकतात, त्यामुळे कंपनीचं सोडा, ती चालते कशी तेवढंच सांगते. चिपळूणचा अख्खा पावसाळा तिने काढलाय आणि आता माझं मत पक्कं आहे: बसलेल्या पतंगासाठी एवढ्या पैशांत याहून चांगली वस्तू मिळणं कठीण. उडत्या पतंगासाठी मात्र घेऊ नका.

आधी अंतराचं बोलू. १० एक्स म्हणजे लेन्स आणि पतंग यांच्यात जेमतेम अडीच सेंटिमीटर. इतक्या जवळ हळूहळू सरकत जावं लागतं आणि स्वतःची सावली पडू द्यायची नाही. माझ्या फोनवर चौकटीत साधारण साडेतीन सेंटिमीटरच मावतात. त्यातही कडा पुसट होतात आणि जांभळी किनार धरतात, पण मधला भाग लखलखीत येतो. म्हणून अख्खा पतंग फोनच्या साध्या कॅमेऱ्याने घ्यायचा आणि मिशा, डोळे, पंखांच्या कडा लेन्सने. ओळख पटवायला दोन्ही फोटो लागतात. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत. धूसर करड्या ठिपक्यावरून जाणकारही काही सांगू शकत नाही. लेन्स आल्यापासून आयनॅचरलिस्टवर (फोटो टाकून जीवांची ओळख पटवून घ्यायचं संकेतस्थळ) टाकलेल्या माझ्या फोटोंना निदान कुळापर्यंत तरी नाव मिळू लागलं. ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरचे फोटो शेजारी ठेवून स्वतः ताडून पाहण्यातही मजा आली.

फोनला दोन-तीन कॅमेरे असतील तर ऑटो मॅक्रो आधी बंद करा. नाहीतर जवळ गेलं की फोन परस्पर वाइड कॅमेऱ्यावर जातो आणि पडद्यावर लेन्सची काळी कड तेवढी दिसते.

लेन्सचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते ऑगस्टमध्ये. आमच्या अनंताच्या झुडपावर शेपटाकडे शिंग असलेले हिरवे सुरवंट आले होते. पानं पार कुरतडून टाकली त्यांनी, पण मी फवारणी करू दिली नाही. मग ते दिसेनासे झाले. काही काळाने एका सकाळी पावसाने उघडीप दिली तेव्हा झुडपाच्या बुंध्याशी, खालच्या काडीवर, एक पतंग पंख वाळवत बसलेला दिसला. अंग शेवाळी हिरवं, पोटावर तांबूस पट्टा, टोकाला काळ्या केसांचा झुबका. पंख मात्र राखाडी, धुरकट. लेन्स लावली तर पंखभर बारीक खवले, जेमतेम टेकवून ठेवल्यागत. मग त्याने पंख थरथरवायला सुरुवात केली. उडण्याआधी अंग तापवायला हॉक मॉथ, म्हणजे जाड अंगाचे, वेगाने उडणारे पतंग, असं करतात. त्या थरथरीत खवल्यांची भुकटी उडाली, थोडी माझ्या लेन्सवरही बसली, आणि खाली उरले काचेसारखे आरपार पंख, त्यांवर गडद शिरा. मग तो उडून गेला.

हा सेफोनोडिस हायलस, इंग्रजी नाव कॉफी बी हॉक मॉथ. अनंत आणि कॉफी एकाच कुळातले, म्हणून याच्या सुरवंटाला दोन्ही चालतात. पतंग असून हा दिवसा उडतो आणि उडताना थेट भुंगा वाटतो. कोशातून बाहेर येतो तेव्हा पंखांवर खवले असतात आणि पहिल्या उड्डाणाच्या वेळीच ते गळतात, त्यामुळे राखाडी पंखांचा पतंग सहसा कोणाच्या नजरेला पडत नाही. माझ्याकडे त्या खवल्यांचा स्वच्छ फोटो आहे, आणि तो या स्वस्त लेन्सने काढलेला आहे.

नंतर तसाच एक पतंग घाणेरीच्या फुलांवर हवेत तरंगत मध पिताना दिसायचा. तिथे लेन्सचा काही उपयोग नाही; जवळ जाईपर्यंत तो पुढच्या फुलावर. अशा वेळी लांबून फोनचा दुप्पट झूम आणि स्लो मोशन व्हिडिओ घ्या, नंतर त्यातली चौकट निवडा.

आता तक्रारी. चिमट्याचं रबर दोन महिन्यांत सैल पडलं. मी आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आहे. सोबत मिळालेला एलईडीचा गोल दिवा बिनकामाचा, चकचकीत पंखांवर पांढरे डाग पाडतो. त्यापेक्षा बॅटरीवर टिश्यू पेपर गुंडाळून बाजूने उजेड द्या. आणि कोकणातल्या दमट हवेत काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही, तेव्हा लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवा.

रात्रीच्या पतंगांसाठी पडवीतला दिवा पुरतो, भिंत पांढरी हवी. दिव्याभोवती घिरट्या का घालतात यावर २०२४ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं: उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण एरवी रात्री आकाश हेच जास्त उजळ असतं. जवळचा दिवा त्यांना त्यामुळेच अडकवून ठेवतो. म्हणून मी काही मिनिटं दिवा मालवते. बरेचसे भिंतीवर बसतात, मग लेन्स घेऊन जाते. फोटो झाले की दिवा पुन्हा लावत नाही. रात्रभर जळत ठेवला तर पहाटे कोतवाल आणि दयाळ येऊन भिंत साफ करून टाकतात.