हातातलं डेंटल एक्स-रे यंत्र: स्टेप-वेज की मीटर?

चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या दवाखान्यात हे यंत्र तपासायचे दोन मार्ग. पहिला घरचा: ॲल्युमिनियमचा स्टेप-वेज (पायरीगणिक जाडी वाढत जाणारा तुकडा) प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरवर ठेवायचा, बॅटरी पूर्ण चार्ज, अंतर आणि सेटिंग दर वेळी तेच, आणि येणारी प्रतिमा यंत्र नवं असतानाच्या प्रतिमेशी ताडून पाहायची. पायऱ्या फिकट किंवा गडद दिसल्या तर काहीतरी सरकलंय. पण काय? केव्ही (किरणांचा जोर ठरवणारा विद्युतदाब), किरण सोडण्याची वेळ, की सेन्सरच? ते वेज सांगत नाही.

दुसरा मार्ग मीटरचा. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, यांची मान्यता असलेल्या संस्थेचा माणूस केव्ही, वेळ, डोस, किरणांची गळती वेगवेगळी मोजतो. बहुधा मुंबई-पुण्याहून येतो, पावसाळ्यात घाट बंद असला की तारीख पुढे. तरी दोन वर्षांतून एकदा ही तपासणी करावीच लागते, वेजचा फोटो तिथे चालत नाही.

माझं मत: वेज दर महिन्याला, आणि फरक दिसला की दोन वर्षं न थांबता मीटरवाल्याला फोन.

चाचणीत यंत्र स्टँडवर हवं, उलटे येणारे किरण अडवणारी ढाल जागेवर. वेज बोटांनी धरायचा नाही, किरणांच्या वाटेत कुणी नको. केसिंग उघडून ‘जरा ॲडजस्ट’ करणारा ओळखीचा इलेक्ट्रिशियन तर नकोच.