वेब वाचून शिकणारा 'नेल' – माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार

चॅटबॉटला काही विचारलं की उत्तर झटकन मिळतं पण ते आलं कुठून याचा पत्ता लागत नाही, नेल (NELL, म्हणजे Never-Ending Language Learner) या प्रोग्राममध्ये मात्र माहिती कुठून आली हे बघायला मिळायचं म्हणून मला तो एवढा आवडतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमने जानेवारी २०१० मध्ये हा प्रोग्राम सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं तो रात्रंदिवस वेबपेजेस वाचत होता. सुरुवातीला शहर, कंपनी, खेळाडू असे काहीशे प्रकार आणि त्यांच्यातली नाती दिली, प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं, बाकी त्याचं त्याने शोधायचं. म्हणजे समजा पॅरिस शहर आहे हे माहितीये आणि 'मेयर ऑफ पॅरिस' असं बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर 'मेयर ऑफ'च्या पुढे येतं ते बहुतेक शहर, मग त्यावरून नवीन शहरं आणि त्या शहरांवरून परत नवीन शब्दरचना, हे असं चालूच.

नेलच्या साइटवर प्रत्येक माहितीसमोर त्याची किती खात्री आहे, ती कधी शिकला, कशावरून शिकला हे सगळं दिसायचं, चुकीचं वाटलं तर आपणही तसं कळवायचं. मला तर ही सोय आजच्या प्रत्येक एआयमध्ये हवीये.

एक स्टार कापला कारण चूक चुकीला जन्म देते. 'इंटरनेट कुकीज' (वेबसाइट्स आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) त्याने चक्क बेकरीच्या पदार्थांत टाकल्या, मग कुकीज डिलीट करतात तशा फाइल्सपण डिलीट करतात हे वाचून फाइल्सही बेकरीत! पहिले सहा महिने त्याला एकट्याला सोडलं होतं, नंतर मात्र माणसांनी अधूनमधून बसून चुका काढायला सुरुवात केली आणि ते बरंच झालं, माणूस लागतोच.

मशीन लर्निंग (उदाहरणांवरून कॉम्प्युटरला शिकवण्याचं तंत्र) शिकणाऱ्यांनी तर नेलवरचे संशोधन-पेपर वाचाच, गणिताला घाबरत असाल तरी मूळ कल्पना कळते. फक्त तो वाचायचा इंग्रजी, पोर्तुगीजसाठीही काम झालं, पण मराठीत हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण आपल्याकडे पुणे हे पुण्यात, पुण्याचा, पुण्याहून असं दर वाक्यात रूप बदलतं, त्यामुळे आधी मूळ शब्द ओळखायला शिकवावं लागेल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कुणीतरी घ्या हा विषय, मनापासून सांगतोय.